मांडीवरचे खळगे आणि मलमांच्या जाहिराती

हल्ली सरदारपूरसारख्या तालुक्याच्या गावीही मोबाईलवर एक जाहिरात दिसते. मांडीच्या मागे व कुल्ल्यांवर कातडीला जे लहान खळगे पडतात, ते अमुक मलम चोळल्याने महिन्याभरात नाहीसे होतील, असे तीत सांगितलेले असते. अशा एका नळीला पुष्कळदा पाचशे रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. एवढा खर्च करावा का, हे घरातली बाई संकोचामुळे कोणाला विचारत नाही. म्हणून येथे उघडपणे बोलू.

या खळग्यांना सेल्युलाइट म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. 1968 साली अमेरिकेतील 'व्होग' या फॅशनच्या नियतकालिकाने तो इंग्रजी वाचणाऱ्या बायकांपर्यंत नेला. वयात आलेल्या शंभर स्त्रियांपैकी ऐंशी ते नव्वद जणींना हे खळगे कमी-अधिक असतातच. दिवसभर निंदणी-कापणी करणाऱ्या सडपातळ बाईलाही असतात. तो रोग नव्हे आणि आळसाची खूणही नव्हे.

ते पडतात कसे? पिंजाऱ्याने भरलेली गादी डोळ्यांपुढे आणा. जागोजागी टाका घातलेला असतो, तेथे खोळ आत ओढली जाते आणि दोन टाक्यांमध्ये कापूस फुगून वर येतो. आपल्या कातडीखालीही चिवट तंतू असतात. ते कातडीला आतल्या थराशी बांधून ठेवतात आणि त्यांच्यामध्ये चरबीचे कप्पे असतात. स्त्रियांमध्ये हे तंतू बहुतांशी उभे असल्याने चरबी वर दाबली जाते. पुरुषांमध्ये ते तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात, त्यामुळे त्यांना खळगे क्वचितच पडतात. आता गादीच्या खोळीवर कितीही तेल चोळले, तरी आतला टाका सैल होईल काय?

मलमवाले म्हणतात की आमच्या औषधात कॅफीन आहे. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीतला तरतरी आणणारा पदार्थ. प्रयोगशाळेत तो चरबीच्या पेशींवर परिणाम करतो, हे खरे. पण कातडीचे कामच मुळी बाहेरचे आत जाऊ न देणे हे आहे. मलमातला थोडासा अंश आत शिरला तरी खोलवरच्या चरबीपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, आणि तंतूंना तर त्याने काहीच होत नाही. 2014 साली अशा मलमांवरच्या निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. मांडीच्या घेरात सरासरी फरक पडला तो अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेर. शिंप्याची फीत थोडी घट्ट धरली तरी एवढा फरक पडतो! चोळल्याने आणि ओलाव्याने कातडी काही तास तुकतुकीत दिसते, एवढे मान्य करू. तेवढे तर घरच्या तिळाच्या किंवा खोबरेल तेलानेही होते.

तंतूच तोडण्याचाही प्रयत्न झाला. ते विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला अमेरिकेत 2020 साली परवानगी मिळाली. पण कातडीवर मोठाले काळे-निळे डाग पडू लागल्याने बनवणाऱ्या कंपनीनेच 2022 च्या अखेरीस ते बंद करण्याचे ठरवले. जे सुईने धड साधले नाही, ते नळीतल्या मलमाने साधेल असे मानणे कठीण आहे.

आपल्याकडे 1954 च्या कायद्याने लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला बंदी आहे. म्हणून हे लोक 'चरबी घटवते' असे न लिहिता 'बांधा सुडौल दिसतो' असे लिहितात. शब्द नीट वाचावेत.

पैसे वाया जाणे एक वेळ सोसेल. पण बिननावाच्या डबीत काय असेल याचा भरवसा नाही. अकोल्यात एकाच घरातल्या बायकांना गोरे होण्याच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाला आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला, हे 2023 साली वर्तमानपत्रांत आले होते. ते मलम वेगळ्या कामाचे होते, पण फसवणुकीची वाट तीच. स्टिरॉइड मिसळलेले मलम महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते, मग खळगे अधिकच उठून दिसतात. रेटिनॉल असलेले मलम गरोदर बाईने लावू नये. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि आतल्या पदार्थांची यादी नसलेली डबी घरात आणूच नका.

वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवल्याने आणि मांड्यांचे स्नायू बळकट झाल्याने खळगे काहीसे कमी दिसतात. पुरते जात नाहीत.

मात्र एक गोष्ट ओळखायला शिका. सेल्युलाइट दुखत नाही. नडगीवर किंवा घोट्यावर अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून सोडल्यावर खड्डा तसाच राहिला, तर ती चरबी नव्हे, सूज आहे. ती रक्त फार कमी झाल्याने, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्याने येऊ शकते. गरोदरपणी तोंड-हात सुजले, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब त्याच दिवशी तपासून घ्यावा. एकच पाय एकाएकी सुजला, गरम लागला आणि पोटरी दुखू लागली, तर रक्ताची गाठ असण्याचा संभव असतो. तो पाय मुळीच चोळू नये. तडक दवाखाना गाठावा.