पाचशेचे चारशे अठ्ठ्याऐंशी कसे झाले?

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

माझं गाव काटोलजवळ. आई बचत गटातल्या बायांसोबत उन्हाळ्यात कुरडया-सांडगे करते. सेकंड इयरच्या सुट्टीत मी मोठ्या तोऱ्यात गटाची वेबसाइट बनवली, पेमेंट गेटवे जोडला. पुण्याहून पहिली ऑर्डर आली. १२५ रुपयांची चार पाकिटं, एकूण ५०० रुपये. दोन दिवसांनी खात्यात जमा झाले ४८८ रुपये २० पैसे.

आईचा फोन आला. "पाचशेचा माल धाडला ना रे, मंग पैसे कमी कावून आले? गटाच्या वहीत काय लिहू? बाया मले इचारतील."

प्रश्न ११ रुपये ८० पैशांचा नव्हता. वही आईकडे असते आणि हिशेबात पैसे कमी दिसले तर बोट तिच्याकडेच जातं. त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. रूममेट म्हणाला, "काय करून राहिला बे? उद्या मॅथ्सचा पेपर आहे का?" मॅथ्सचाच होता म्हणा ना!

पैसे गेले कुठे?

ग्राहकाने कार्डाने पैसे दिले की ते सरळ आपल्या खात्यात येत नाहीत. ग्राहकाची बँक, कार्डाचं नेटवर्क, दुकानदाराची बँक आणि गेटवे कंपनी असे चार जण मध्ये असतात. प्रत्येकाचा वाटा विक्रेत्याच्या रकमेतून कापला जातो. बँकांच्या भाषेत या कपातीला 'मर्चंट डिस्काउंट रेट' किंवा एमडीआर म्हणतात. गेटवे स्वतःच्या सेवेचे पैसे धरून एकच दर सांगतो. आमचा दर होता २ टक्के. पण या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खरा दर २ × १.१८ = २.३६ टक्के. पाचशेवर बरोबर ११.८० रुपये. चोरी नव्हती, मी करार नीट वाचला नव्हता, एवढंच.

शुल्क विक्रीवर, नफ्यावर नाही

खरी गोम इथे आहे. एका पाकिटाचा खर्च ११५ रुपये, नफा १०. चार पाकिटांचा नफा ४० रुपये आणि त्यातले ११.८० गेले, म्हणजे नफ्याचा साडेएकोणतीस टक्के भाग! 'दोनच टक्के तर आहेत' असं म्हणणाऱ्याने हा आकडा लिहून ठेवावा. ज्याचा नफा कमी, त्याला तोच दर जास्त झोंबतो.

काही ठिकाणी टक्क्यांसोबत प्रत्येक व्यवहारामागे स्थिर शुल्कही असतं. समजा ते ३ रुपये आहे, जीएसटी धरून ३.५४. मग एकाच पाकिटाच्या ऑर्डरवर २.९५ + ३.५४ = ६.४९ रुपये जातात, म्हणजे दहातले साडेसहा! चार पाकिटं एकत्र विकली तर १५.३४, म्हणजे पाकिटामागे ३.८४. म्हणून लहान वस्तू संच करून विकाव्यात.

किती मागायचे?

मी आधी काय केलं, तर ५०० मध्ये ११.८० मिळवून ५११.८० किंमत ठेवली. हाती आले ४९९.७२. कारण शुल्क आता ५११.८० वर लागलं. बरोबर सूत्र हे:

मागायची रक्कम = (हवी असलेली रक्कम + स्थिर शुल्क) ÷ (१ − दर)

स्थिर शुल्क नसेल तर ५०० ÷ ०.९७६४ = ५१२.०९. ताळा करून बघा, बरोबर पाचशे उरतात.

इथे फरक पैशांचा आहे. पण आमच्या विंगमधला एक जण परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी ऑटोकॅडचे ड्रॉइंग करतो. त्याचं उदाहरण घेऊ. समजा शुल्क ४.४ टक्के अधिक ३० सेंट आणि डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा ४ टक्के कमी भाव. १०० डॉलरचे आधी ९५.३० होतात आणि चलन बदलताना ९१.४९ डॉलरच्या किमतीइतकेच रुपये मिळतात. पूर्ण १०० डॉलरचं मोल हवं तर पायऱ्या उलट्या चढायच्या: १०० ÷ ०.९६ = १०४.१७, त्यात ०.३० मिळवून ०.९५६ ने भागा. उत्तर १०९.२८ डॉलर. दर कंपनीप्रमाणे बदलतात, सूत्र बदलत नाही.

यूपीआयचं काय?

१४ एप्रिल २०१७ ला आपल्या नागपुरातच भीम-आधारचं उद्घाटन झालं. अंगठा लावून दुकानदाराला पैसे देण्याची ती सोय होती. त्यानंतर १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर कायद्याने शून्य झाला. खर्च मात्र कोणीतरी सोसतोच. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने २०२४-२५ सालासाठी लहान दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या भीम-यूपीआय व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन मंजूर केलं. ते पैसे बँकांकडे जातात. गेटवे वेगळं सेवाशुल्क लावतो का, ते करारात बघा.

लक्षात ठेवा

१. दर विचारताना जीएसटी धरून विचारा.
२. ऑर्डर रद्द झाली तर शुल्क परत मिळतं का, ते आधी विचारा.
३. डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकाकडून वेगळा घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. खर्च किमतीतच धरा.
४. वहीत विक्री, शुल्क आणि जमा असे तीन रकाने करा.

आता तुम्ही सोडवा: दर २ टक्के, स्थिर शुल्क ३ रुपये, दोन्हींवर जीएसटी. हाती १,५०० हवेत, तर किती मागाल? (उत्तर: १,५३९ रुपये ८८ पैसे.)

पुढच्या रविवारी एसटीने गावी गेलो आणि आईला वहीत तिसरा रकाना आखून दिला. तिने तो बायांना वाचून दाखवला. एका काकूने विचारलं, "मंग आपण पैले काऊन नाई आखला?" आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं.