सूतिकापरिचर्येतील लोकसमजुती आणि वैद्याचे कर्तव्य

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात उपस्थाता, म्हणजेच परिचारक, यास स्वतंत्र स्थान देऊन उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे गुण सांगितले आहेत. बाळंतिणीच्या बाबतीत हा पाद बहुधा आई, सासू वा आजी सांभाळते. अनुराग तिच्या ठायी असतोच. उपचारज्ञता मात्र परंपरेने आलेली असते व तीत हितकर-अहितकर दोन्ही मिसळलेले असते.

संस्कृती व परिचर्या यांचा संबंध अभ्यासणाऱ्या अमेरिकन परिचारिका मॅडेलिन लायनिंजर यांनी रूढींबाबत तीन मार्ग सांगितले : जतन, तडजोड व पुनर्रचना. आपल्या व्यवहारात त्यांचा उपयोग असा करता येईल.

१) जतन : अभ्यंग, विश्रांती, उष्ण व ताजा आहार, तसेच अग्निबल पाहून दिलेले अळीव-डिंकाचे लाडू. यांस वैद्याने मोकळेपणी संमती द्यावी. त्यामुळे पुढील सूचनाही ऐकल्या जातात.

२) तडजोड : दृष्ट लागू नये म्हणून काजळ हवेच असेल तर डोळ्यांत न घालता तळपायास टिळा लावावा, काही काजळांत शिसे आढळते. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते. शेक हवा असल्यास गरम पाण्याच्या पिशवीने, कापड मध्ये ठेवून द्यावा.

३) पुनर्रचना : गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरातही आईचा चीक ‘जड’ म्हणून टाकला जातो. स्तन्यप्रवर्तन तिसऱ्या-चौथ्या रात्री होते, या सुश्रुतोक्तीचा आधारही कोणी देतात; परंतु चरकाचार्यांनी पहिल्याच दिवशी स्तनपान सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जन्मानंतर १ तासाच्या आत स्तनपान सुरू करावे व ६ महिने केवळ स्तन्य द्यावे. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची रूढीही थांबवावी. स्तनदा मातेस द्रवाची गरज अधिक असते.

मधाचा प्रश्न नाजूक आहे, कारण नवजातास मधु-घृत देण्याचा उल्लेख आपल्याच संहितांत आहे. तथापि मधात बोटुलिझम जंतूंचे बीजाणू असू शकतात व १ वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ते वाढून स्नायू व श्वसन दुर्बल करतात. म्हणून या वयात मध, मधयुक्त गुटी वा प्राशन देऊ नये. औषधी दुकानदारांनी अशी मागणी आल्यास प्रथम बाळाचे वय विचारावे.

सूचना देताना आजीस डावलू नये. ‘आपल्याकडे काय करतात?’ असे आधी विचारावे. वर्ज्य गोष्टींचे कारण तिलाच समजावून सांगावे. घरी परिचर्या तीच करणार आहे.