ऑरिजेन : मूळ ग्रंथ हरवलेला विचारवंत

एखाद्या विचारवंताचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आणि त्याचे म्हणणे केवळ चाहत्यांच्या व विरोधकांच्या लेखणीतून उरले, तर त्याला न्याय कसा द्यायचा? ख्रिस्ती धर्मचिंतक ऑरिजेन याच्याबाबत हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

ऑरिजेनचा जन्म इ. स. १८५ च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा. वडील ख्रिस्ती म्हणून मारले गेले. स्वतः त्यालाही सम्राट डेशियसच्या काळात तुरुंगात छळ सोसावा लागला. अशा श्रद्धावंताला मृत्यूनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत, त्याच्याच धर्मसंस्थेने पाखंडी ठरविले!

आरोप मुख्यतः दोन. आत्मे देहापूर्वीच अस्तित्वात होते व देवापासून दुरावल्याने देहात आले, हा पहिला. अखेर सर्व जीव, सैतानसुद्धा, देवाकडे परततील, हा दुसरा. शिक्षा ही वैद्याच्या कडू औषधासारखी, रोग बरा करण्यासाठी असते, असे तो मांडी. मग कायमचा नरक कशासाठी? धर्मसत्तेला हा प्रश्न बोचणारच.

परंतु पुरावा काय? त्याच्या 'पेरी आर्खोन' (मूलतत्त्वांविषयी) या ग्रंथाचा ग्रीक मजकूर बहुतांशी हरवला. ३९८ च्या सुमारास रुफिनसने केलेले लॅटिन भाषांतर उरले आहे, पण आक्षेपार्ह जागी आपण बदल केले, हे तो प्रस्तावनेतच सांगतो. उलट बाजूला सम्राट जस्टिनियनच्या ५४३ च्या फर्मानातील उतारे आहेत. ते तर दोष सिद्ध करण्यासाठीच निवडलेले. आमच्या बँकेत खाडाखोडीवर सही नसेल तर ती नोंद धरीत नाहीत. येथे दोन्ही वह्यांत खाडाखोड! १९१३ मध्ये कोएत्शाऊ या जर्मन संपादकाने विरोधकांचे उतारेही ग्रंथाच्या मजकुरात बसविले, आणि अनेक अभ्यासकांनी तोच ऑरिजेन मानला. जॉन बेहर यांनी २०१७ च्या आवृत्तीत ते मजकुरातून वगळले. १९६२ मध्ये गियोमाँ यांनी दाखविले की ५५३ शी जोडल्या जाणाऱ्या पंधरा निषेध-कलमांचा रोख मुख्यतः इव्हॅग्रियस या नंतरच्या साधकाच्या विचारांवर आहे.

ऑरिजेन पुनर्जन्म मानीत असे व चर्चने तो पुसून टाकला, असे काही लोकप्रिय पुस्तकांत छापलेले आढळते. हे मला मुळीच पटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात त्याने एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. देहापूर्वीचे अस्तित्व आणि पुन्हा पुन्हा जन्म, या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

सर्वांच्या मुक्तीचा वाद मात्र खरा आहे. इलारिया रामेली (२०१३) ही कल्पना अस्सल ख्रिस्ती परंपरेतली मानतात. मायकेल मॅकक्लायमंड (२०१८) तिची मुळे बाहेरच्या गूढवादी पंथांत शोधतात. दोघांच्या ग्रंथांची जाडी पाहूनच सामान्य वाचक थकावा!

दरम्यान २०१२ मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयात एका जुन्या हस्तलिखितात ऑरिजेनची स्तोत्रांवरील २९ ग्रीक प्रवचने सापडली. ती शतकानुशतके तेथेच होती, फक्त त्यांवर त्याचे नाव नव्हते.