पायथनच्या खणांतील हत्यारें



शिवणयंत्र विकत घेतलें म्हणजे त्याच्या मेजाला एक लहानसा खण असतो. त्यांत बॉबिनी, सुया, एक पेचकस व तेलाची चिमुकली बाटली ठेवलेली असते. यंत्राची किंमत देतांनाच ह्या जिनसांचीहि किंमत दिली गेलेली असते. तथापि कित्येक घरांत यंत्र वर्षानुवर्षें चालतें आणि खण मात्र बंदच राहतो. सुई मोडली कीं बाजारांत धांव घ्यावयाची! संगणकाच्या बाबतींत आपल्या विद्यार्थ्यांची स्थिति बहुधा अशीच दिसते. अकरावी-बारावीच्या एन. सी. ई. आर. टी. च्या संगणकशास्त्राच्या पुस्तकांत पायथन ही भाषा शिकविली जाते. मुलें तींत लहानमोठे प्रोग्रॅम लिहितात. परंतु त्या भाषेबरोबर विनामूल्य आलेला खण उघडून पाहणारीं थोडीं. तो खण उघडून दाखवावा व त्यांतील एका हत्याराची मर्यादाहि सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पायथन भाषेचा जनक गीडो व्हान रॉसम हा डच गृहस्थ होय. आम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेंत काम करीत असतां १९८९ च्या डिसेंबरांत त्यानें ह्या भाषेस आरंभ केला, व १९९१ च्या फेब्रुवारींत ती लोकांपुढें ठेविली. नांवावरून अजगर आठवतो खरा. परंतु तें नांव एका विनोदी इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकेवरून घेतलेलें आहे. अशा भाषेस स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. लिहिलेला मजकूर आधीं निराळा भाषांतरित करून ठेवण्याची खटपट विद्यार्थ्याला करावी लागत नाहीं; लिहिला कीं लगेच चालवितां येतो. ही भाषा कोणासहि फुकट मिळते, व तिच्याबरोबर तयार साधनांचा मोठा संग्रह येतो. २०११ सालीं ह्या भाषेच्या उपासकांची अखिल भारतीय परिषद आपल्या पुण्यांतच भरली होती.

संगणकाशीं बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक चित्रांवर बोट ठेवण्याचा, दुसरा आज्ञा लिहून देण्याचा. उपाहारगृहांत भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखविणारा माणूस फलकावर जें आहे तेवढेंच मागूं शकतो. ज्याला बोलतां येतें तो 'दोन कप चहा, एकांत साखर नको' असें नेमकें सांगतो. आज्ञेची ओळ ही अशी नेमकी बोली आहे. तिचें व्याकरणहि सोपें आहे. प्रथम 'पायथन' हा शब्द, मग एक आडवी रेघ व तिला लागून 'एम' हें अक्षर, पुढें हत्याराचें नांव, आणि शेवटीं त्या हत्यारास द्यावयाची माहिती. 'एम' म्हणजे मॉड्यूल. ही सोय २००४ सालच्या २.४ ह्या आवृत्तीपासून आहे. प्रत्यक्षांत आज्ञा रोमन लिपींत लिहावी लागते. येथें ती उच्चाराप्रमाणें दिली आहे. कित्येक यंत्रांवर पहिल्या शब्दाच्या जागीं 'पायथन३' किंवा नुसतें 'पाय' असें लिहावें लागतें, हेंहि लक्षांत ठेवावें.

आतां खणांतील कांहीं हत्यारें पाहूं.

पहिलें हत्यार कॅलेंडर. 'पायथन -एम कॅलेंडर १९६१ ७' अशी आज्ञा दिली कीं १९६१ च्या जुलै महिन्याचें पान पुढें येतें. त्यांत १२ तारीख बुधवाराखालीं दिसेल. त्या दिवशीं पानशेतचें धरण फुटून मुठेच्या पुरानें पुण्यांतील नदीकांठच्या पेठा बुडाल्या. घरांत आजी-आजोबा असतील तर त्यांस वार विचारून पाहा.

दुसरें हत्यार झिपफाईल. अनेक फायली एका गाठोड्यांत बांधण्याचें व सोडण्याचें काम हें करतें. हत्याराच्या नांवापुढें 'सी' हें अक्षर लिहिल्यास गाठोडें बांधलें जातें, 'एल' लिहिल्यास आंत काय आहे याची यादी मिळते, 'ई' लिहिल्यास तें सुटतें. मात्र प्रत्येक अक्षरापूर्वीं आडवी रेघ हवी. एवढ्याशा कामाकरितां अनोळखी ठिकाणाहून कसलेंतरी साधन उतरवून घेऊन त्याबरोबर यंत्रांत रोग आणण्याचें कारण नाहीं.

तिसरें हत्यार जेसॉन.टूल. जेसॉन ही माहिती लिहून ठेवण्याची एक रीति आहे. दाटीवाटीनें लिहिलेला असा मजकूर हें हत्यार ओळी पाडून नीट मांडतें, आणि कोठें स्वल्पविराम चुकला असेल तर ती ओळ दाखवितें. परंतु मराठी मजकूर दिला तर एक चमत्कार दिसतो. 'मराठी' ह्या शब्दाच्या जागीं अक्षरें न येतां पांच संकेतांक उमटतात. डोळ्यांस हीं तीन अक्षरें दिसतात. यंत्राच्या हिशेबीं मात्र म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशीं पांच चिन्हें आहेत. युनिकोड ह्या जागतिक संकेतांत देवनागरीसाठीं १२८ जागांचा मुख्य विभाग राखलेला आहे; त्यांतील हे क्रमांक होत. मजकूर बिघडलेला नसतो. केवळ इंग्रजी अक्षरांपुरतेंच लिहावें, असा त्या हत्याराचा मूळचा नियम आहे. 'नो-एन्शुअर-आस्की' हा पर्याय दोन आडव्या रेघांसह जोडला कीं मराठी मराठींतच दिसूं लागतें. हा पर्याय २०२० सालच्या ३.९ ह्या आवृत्तीपासून मिळतो.

चौथें हत्यार एचटीटीपी.सर्व्हर. ही आज्ञा ज्या फोल्डरांत उभें राहून द्यावी, तें फोल्डर शेजारच्या संगणकांस वाचावयास खुलें होतें. प्रकल्पाचें पान वर्गांतील मित्रांस दाखविण्यास हें फार सोयीचें आहे. परंतु येथें सावध राहावें. त्याच जाळ्यांत असलेला कोणीहि तें फोल्डर वाचूं शकतो; त्यांत घरचे कागद असतील तर तेहि उघडे पडतात. म्हणून रिकाम्या फोल्डरांत लागेल तेवढीच फाईल ठेवावी, व काम होतांच कंट्रोल आणि सी हीं दोन बटणें एकदम दाबून हत्यार बंद करावें. खऱ्या संकेतस्थळासाठीं हें वापरूं नये, असें ह्या भाषेच्या अधिकृत माहितींतच सांगितलेलें आहे.

आतां त्या मर्यादेकडे वळूं. समजा, एखाद्या विद्यार्थ्यास प्रदर्शनाच्या फलकावर श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचा वार लिहावयाचा आहे. तारीख सर्वांस ठाऊक आहे: ६ जून १६७४. त्यानें कॅलेंडरास विचारलें, तर उत्तर येईल बुधवार. यंत्रानें सांगितलें म्हणून तो तसें लिहून मोकळा होईल. परंतु जेधे शकावलींत त्या प्रसंगीं शुक्रवार दिला आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत शनिवार आढळतो. एका दिवसाला तीन वार कसे?

शुक्रवार व शनिवार यांचा उलगडा आपल्या पंचांगांतच आहे. तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनावर बसले, असें शकावली सांगते. एक घटिका म्हणजे २४ मिनिटें. तेव्हां सूर्योदयास सुमारें सव्वा तास अवकाश होता. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून तो शुक्रवार. इंग्रजी वार मध्यरात्रीं पालटतो, म्हणून तोच क्षण शनिवारांत पडतो. येथें विरोध मुळींच नाहीं.

राहिला बुधवार. ज्यूलियस सीझरच्या पंचांगांत वर्ष सव्वातीनशें नव्हे, तर ३६५ दिवस व ६ तासांचें धरलें होतें; खरें सौर वर्ष त्याहून सुमारें ११ मिनिटांनीं लहान आहे. शतकानुशतकें ही चूक सांचत गेली, व ईस्टरचा सण ऋतूशीं जुळेना. तेव्हां तेरावे पोप ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर मानावा, असें ठरविलें. पोर्तुगालनें ही गणना त्याच सालीं स्वीकारली. म्हणून सतराव्या शतकांतील गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतील तारखा इंग्रजांच्या तारखांहून दहा दिवस पुढें असतात. इंग्लंडनें मात्र ती १७५२ पर्यंत घेतली नाहीं. राज्याभिषेकास रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन जुन्या गणनेनेंच तारखा लिहीत होता. त्याची ६ जून ती नव्या गणनेची १६ जून होय.

पायथनचें कॅलेंडर ग्रेगरीचा नियम भूतकाळांत अनंतापर्यंत मागें लावीत जातें. १५८२ किंवा १७५२ यांची त्यास दाद नाहीं. म्हणून त्याला १६ जून विचारा; शनिवारच मिळेल. उलट लिनक्स यंत्रांवर 'कॅल' नांवाचें जें निराळें हत्यार असतें, तें सप्टेंबर १७५२ मधील ११ दिवस गाळून त्यामागें जुनी गणना धरतें. तें ६ जूनलाच शनिवार दाखवितें. दोन्ही हत्यारें आपापल्या नियमाशीं प्रामाणिक आहेत. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई विचारली, तर १७५२ नंतरची असल्यामुळें दोघेंहि बुधवार हेंच उत्तर देतात.

तात्पर्य, यंत्र खोटें बोलत नाहीं. परंतु आपण कोणत्या नियमानें बोलतों, हें तें आपण होऊन सांगत नाहीं. तें विचारावें लागतें, आणि विचारण्याचें साधनहि त्याच खणांत आहे. 'पायथन -एम पायडॉक कॅलेंडर' असें लिहिलें कीं त्या हत्याराची माहिती पुढें येते. प्रत्येक हत्यार हातीं घेण्यापूर्वीं पायडॉकला विचारण्याची संवय लावून घ्यावी.

पालकांसहि एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसून काळ्या पडद्यावर अक्षरें लिहीत असेल, तर तें काम रिकामें समजूं नये. ह्यास नवें यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. मात्र त्यानें काढलेलें उत्तर पाहून 'हें कशावरून?' एवढें अवश्य विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मूल जें शिकतें, तें आज्ञेच्या ओळीहून मोलाचें आहे.

अभ्यासार्थ प्रश्न:

१. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं कोणता वार होता, तें कॅलेंडराच्या साह्यानें काढा व जुन्या छापील दिनदर्शिकेशीं ताडून पाहा.

२. आपल्या पेठेचें नांव देवनागरींत लिहून त्यांत यंत्राच्या हिशेबीं किती चिन्हें आहेत, तीं मोजा.

३. शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेनें ती कोणती होईल? त्या तारखेस शुक्रवार आला पाहिजे. न आल्यास आपला हिशेब पुनः तपासा.