सुकाणूचा धडा: हौशी शर्यत-मोटारीच्या बांधणीतील एक प्रकरण

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यालगत, बनशंकरीचे मंदिर आहे. ते १९१५ साली बांधले गेले. बदामीजवळची मूळ बनशंकरी ही महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांचीही कुलदेवता असल्यामुळे हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. मंदिरावरून ज्या विस्तीर्ण वसाहतीस बनशंकरी हे नाव मिळाले, तिच्या तिसऱ्या टप्प्यात पीईएस विद्यापीठ आहे. म्हैसूर रस्त्यावरील आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथून फार दूर नाही. या दुसऱ्या महाविद्यालयात २००३ साली ‘अश्व रेसिंग’ नावाचा विद्यार्थ्यांचा चमू स्थापन झाला. लहानशी एकआसनी शर्यत-मोटार स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्पर्धेत उतरवायची, हा अशा चमूंचा उद्योग. या स्पर्धांची परंपरा अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली. आपल्याकडील ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोईमतूरजवळील करी मोटर स्पीडवे या धावपट्टीवर भरत आली आहे. मारुतीचे इंजिन बसवून स्वस्त एकआसनी मोटारी घडविणारे एस. करिवर्धन (१९५४-१९९५) यांचे नाव त्या धावपट्टीला दिलेले आहे.

सुटे भाग जमवून मोटार बांधण्याची ही हौस ब्रिटनमध्ये विशेष फोफावली, आणि तिला एक व्यावहारिक कारण होते. पूर्ण मोटारीवर तेथे खरेदी-कर पडे. सुट्या भागांच्या संचावर तो पडत नसे. १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ अशा संचाच्या रूपाने मोठ्या प्रमाणावर विकली गेली. अशा मोटारीचे इंजिन, दांडपेटी, सुकाणू हे भाग बहुधा दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या मोटारीतून घेतलेले असतात. बंगळुरात जे. सी. रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. बांधणाऱ्यास तेथे हवा तो भाग मिळतो. मात्र तो भाग त्याच्या मोटारीसाठी आखलेला नसतो. सुकाणूच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या, बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

चार चाके, एक केंद्र

मोटार वळत असताना तिची आतली आणि बाहेरली पुढची चाके वेगवेगळ्या त्रिज्येच्या वर्तुळांवरून धावतात. म्हणून आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे. चारही चाकांच्या आसांच्या रेषा एकाच बिंदूत मिळाव्यात, असा हा नियम. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१७ साली घोडागाडीसाठी तशी योजना केली. तिचे इंग्लंडमधील एकस्व १८१८ साली रुडॉल्फ आकरमान याने घेतले आणि नियमाला नाव मात्र आकरमानचे पडले.

एक उदाहरण घेऊ. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १.५५ मीटर आणि दोन पुढच्या चाकांमधील अंतर १.२० मीटर अशी एक मोटार आहे. मागच्या आसाचा मध्य ३.४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरावा असे वळण घेताना आतले चाक सुमारे २९ अंश आणि बाहेरचे सुमारे २१ अंश वळले पाहिजे. हा आठ अंशांचा फरक साधण्याची ढोबळ रीत अशी की, सुकाणूच्या भुजा मागच्या बाजूस असतील तर त्या किंचित आत कललेल्या ठेवाव्यात, इतक्या की त्यांच्या रेषा वाढविल्यास त्या मागच्या आसाच्या मध्यावर मिळतील.

आता मारुती ८०० या मोटारीचे चाकजोड जसेच्या तसे वापरले, असे समजा. तिच्या पुढच्या चाकांमधील अंतर १२१५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या मोटारीइतकेच. येथेच फसगत होते. कारण तिच्या आसांमधील अंतर २१७५ मिलिमीटर आहे. वरील नियमाने तिच्या भुजांचा कल सुमारे १६ अंश येतो. आखूड मोटारीला तो २१ अंश हवा. रुंदी जुळली म्हणून भूमिती जुळली, असे होत नाही.

याहून मोठी चूक आणखी एका मार्गाने होते. चालकाच्या पायांना जागा मिळावी म्हणून सुकाणूची यंत्रणा आसाच्या मागून पुढे नेली जाते आणि त्यासाठी डावे व उजवे चाकजोड परस्पर बदलले जातात. त्याबरोबर भुजांचा कल उलटतो, आणि आतल्या चाकाऐवजी बाहेरचे चाक अधिक वळू लागते. शिवाय चक्र उजवीकडे फिरविले असता मोटार डावीकडे वळते. हा दुसरा दोष पहिल्या दहा पावलांतच कळतो, आणि दंतपट्टी उलथी बसवून तो दूरही करता येतो. पहिला दोष मात्र दडून राहतो. टायर घासतात, मोटार चिंचोळ्या वळणात हटून बसते, आणि बिचाऱ्या इंजिनाला दोष दिला जातो.

दंतपट्टीची जागा

चालकाच्या चक्राचा दांडा एका लहान दंतचक्राला, म्हणजे पिनियनला, फिरवितो. ते दंतचक्र दंतपट्टीला, म्हणजे रॅकला, डावी-उजवीकडे सरकविते. आणि पट्टीच्या टोकांना जोडलेले टाय रॉड चाके वळवितात. पण चाक केवळ वळत नाही, खाचखळग्यांवर ते वर-खालीही होते. वर-खाली होताना ते आपोआप वळू लागले, तर चालकाने चक्र स्थिर धरूनही मोटार आपला मार्ग सोडते. सरळ रस्त्यावर मोटार भरकटते, अशी तक्रार आली की प्रथम या दोषाचा संशय घ्यावा.

याची परीक्षा साधी आहे. स्प्रिंग काढून टाकावी, चक्र सरळ स्थितीत बांधून ठेवावे, आणि जॅकने चाक पाच-पाच मिलिमीटर उचलीत न्यावे. दर वेळी चाकालगत एक सरळ फळी धरून पुढचे व मागचे अंतर मोजावे आणि ते आलेखावर मांडावे. आलेख तिरकी सरळ रेषा आला, तर दंतपट्टीची उंची चुकली आहे. तो कमानीसारखा वाकला, म्हणजे चाक वर गेले काय किंवा खाली गेले काय, एकाच दिशेला वळत असेल, तर टाय रॉडची लांबी चुकली आहे. दोन्ही गुण एकत्र दिसल्यास आधी उंची दुरुस्त करावी.

आधी उंचीच का, हे आकड्यांवरून कळेल. सुकाणूची भुजा ७५ मिलिमीटर लांब आहे आणि टाय रॉड त्याच्या योग्य दिशेपासून पाच अंश कललेला आहे. चाक २५ मिलिमीटर वर गेले की टाय रॉडचे टोक सुमारे २.२ मिलिमीटर बाजूला ओढले जाते आणि चाक सुमारे पावणेदोन अंश वळते. उलट, टाय रॉड ३६० ऐवजी ३०० मिलिमीटरचा बसविला, तर त्याच हालचालीत चूक जेमतेम ०.१७ मिलिमीटर, म्हणजे अंशाच्या आठव्या भागाएवढी होते. बांधणाऱ्याचे लक्ष बहुधा लांबीकडे जाते, कारण बाजारातून आणलेली पट्टी अरुंद सांगाड्यात मावत नाही आणि ती कापण्याचा खटाटोप डोळ्यांसमोर असतो. पट्टी कापण्यापूर्वी मोजमाप करणारा मनुष्य पुष्कळदा दोन पातळ चकत्यांवर काम भागवितो.

सांधे आणि खुळखुळ

चक्राचा दांडा सरळ रेषेत नेता आला नाही, तर त्यात क्रॉसचे सांधे घालावे लागतात. असा एक सांधा ३० अंशांत वाकविला, तर एकसारख्या गतीने फिरविलेल्या चक्राची गती पुढे पोहोचताना ०.८७ पट ते १.१५ पट अशी बदलत राहते. चालकाला चक्र क्षणात जड, क्षणात हलके लागते. दुसरा सांधा तेवढ्याच कोनात, आणि मधल्या दांड्याची दोन्ही चिमट्यांची टोके एका पातळीत ठेवून बसविला, की हा दोष नाहीसा होतो. तीच टोके पाव फेरा फिरवून जोडली गेली, तर दोष वाढतो. हात चक्राला झटके देत असतील, तर वेल्डिंग करण्यापूर्वी ही खूण तपासली होती काय, हे पाहावे.

राहिली खुळखुळ. विद्यार्थ्यांच्या या स्पर्धांच्या नियमानुसार चक्राजवळ मोजलेली एकूण मोकळी हालचाल सात अंशांपेक्षा अधिक चालत नाही. दंतचक्राच्या एका फेऱ्यात पट्टी ४५ मिलिमीटर सरकत असेल, तर पट्टीतील अर्धा मिलिमीटर ढिलाई एकटीच चार अंश खाऊन टाकते. उरलेल्या तीन अंशांत सारे सांधे आणि पट्टीचा पाया बसवायचा असतो. पाया लवचीक पत्र्यावर असेल, तर नवे सांधे आणूनही उपयोग होत नाही. दोघांनी मिळून ही परीक्षा करावी: एकाने चक्र हळूहळू हलवावे, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवून हालचाल कोठे हरवते ते पाहावे.

त्याच नियमांत चाकांच्या वळण्याला पक्का अडसर असावा, असेही सांगितले आहे. याला कारण आहे. चाक फार वळू दिले, तर भुजा व टाय रॉड एका रेषेत येतात. मग पट्टी कितीही ओढली तरी चाक परत येत नाही. कारखान्यात ही गोष्ट हाताने सोडविता येते, धावपट्टीवर येत नाही.

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. मार्ग सोडणे, वळणात अडणे, चक्र जड-हलके होणे, खुळखुळणे ही चार लक्षणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचे घर वेगळे आहे. चुकलेले इंजिन मोटार थांबविते; चुकलेले सुकाणू तिला थांबू देत नाही. म्हणून घाईने काही कापण्यापूर्वी, लक्षण कोणते आहे हे ओळखून, फूटपट्टी आणि सरळ फळी हाती घ्यावी. नव्या वाहनाची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे सर्वत्र आहे. लिंबू चिरडले जाण्यापूर्वी ते चाक आज्ञेप्रमाणे वळते की नाही, याची खात्री करून घेणे हे मात्र बांधणाऱ्याचेच कर्तव्य होय.