गोचीड-ताप: नव्या डॉक्टरीणबाईंना पत्र

अकोला

चि. भाचीस,

मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात पावसाळ्यात तापाची लेकरं रांगेनं येतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड ही नावं नव्या डॉक्टरच्या तोंडी आधीच असतात. गोचीड-ताप आणणाऱ्या रिकेट्सिया जंतूचं नाव मात्र कुणी मुद्दाम आठवल्याशिवाय निघत नाही.

वऱ्हाडाला हा आजार नवा नाही. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये त्यासाठी एक गुणपत्रक मांडलं. एकूण गुण 35. 14 भरले की संशय बळकट. गोचीड चावल्याचे 3, तळहात-तळपायांवरच्या पुरळाचे 3, पावलांवरच्या सुजेचे 2, ताप आल्यावर दोन ते चार दिवसांनी पुरळ उठलं तर 2. निम्म्याहून जास्त गुण रक्त काढण्याआधीच, विचारून आणि बघून मिळतात.

विचारायचं ते आईच्या बोलीत. ‘घरी कुत्रं हाय काय? लेकराच्या आंगावर गोचीड दिसला काय?’ आई कोरकू बोलणारी असेल तर आशाताई सोबत हवी. उत्तर ‘नाही’ आलं तरी संशय सोडू नये. चावा दुखत नाही, अनेकांच्या तो लक्षातही येत नाही. मग कपडे काढून काख, जांघ, कानामागची जागा पाहावी. सावळ्या अंगावर पुरळ चटकन दिसत नाही, तळपाय उजेडात धरावे लागतात. काळी खपली सापडली तर स्क्रब टायफसही मनात असावा. तो गोचिडीमुळे होत नाही, चिगर या बारीक किड्यामुळे होतो. 2018 च्या पावसाळ्यात त्यानं विदर्भात बळी घेतले. दोन्हींवर औषध एकच.

ते औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन. 45 किलोंखालच्या मुलाला दर किलोमागे 2.2 मिलिग्रॅम, मोठ्यांना 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ताप उतरल्यावर किमान तीन दिवस, एकूण पाच ते सात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन इथं चालत नाही. विल-फेलिक्स ही 1916 पासूनची चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा कोरी येते, तेव्हा तिच्यासाठी थांबणं धोक्याचं. दात डागाळण्याची भीतीही जुनी झाली: अल्प मुदतीच्या डोसानं तसं होत नाही, हे अमेरिकेतल्या मुलांवरच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं. दोन-तीन दिवसांत ताप हलला नाही, तर निदान पुन्हा तपासावं.

गुंगी, धाप किंवा काळी पडलेली बोटं दिसली तर रुग्ण परतवाड्यावरून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जाईल. घाटाचा रस्ता लांबतो. पहिला डोस गाडी निघण्याआधी द्यावा.

गावात गोचिडीवर रॉकेल टाकतात, काडी लावतात, नखांनी चिरडतात. ते थांबवायला हवं. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी, मग साबणानं धुवावं.

औषधसाठ्यात डॉक्सीसायक्लिन किती आहे, ते पाऊस लागण्याआधी मोजून कळव.

तुझा,
मामा