झेरॉक्स देण्याआधी

डिसेंबर २०२४ मधला दुसरा आठवडा मराठवाडा सहजी विसरणार नाही. ९ तारखेला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. १० तारखेला परभणीत रेल्वे स्थानकाबाहेरच्या डॉ. आंबेडकर पुतळ्यापुढल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. शहर पेटलं, धरपकड झाली आणि १५ तारखेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला.

दोन्ही घरांचं दुःख कागदांतून जगापुढे आलं. वाटा मात्र वेगळ्या होत्या. सोमनाथच्या आई विजयाबाईंना कागद उघडेच हवे होते. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याने मृत्यू, अशी नोंद होती. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जबाबदार पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची राज्य सरकारची याचिका फेटाळली. ते कागद बासनात राहिले असते, तर या आईच्या हाती उरलं काय असतं?

मस्साजोगचं तसं झालं नाही. दोषारोपपत्रासोबतची मारहाणीची छायाचित्रं ३ मार्च २०२५ रोजी बाहेर आली आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरली. ज्यांच्या निकटवर्तीयावर या खुनाचा आरोप होता ते मंत्री धनंजय मुंडे यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. छायाचित्रांनी सत्तेला हलवलं, हे नाकारता येत नाही. पण ती ज्यांच्या फोनवर येतात त्यांत मृताचे नातलगही असतात, हे पुढे ढकलणाऱ्याच्या ध्यानीही नसतं.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर गणितच उलटं होतं. तिथे नाव झाकायचं असतं, आणि ते बहुधा न्यायालयातून फुटत नाही. कोर्टाच्या आवारात बातमीदारी केलेल्या प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, ते फुटतं झेरॉक्सच्या दुकानातून. फिर्याद दिल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत घरचे संतापलेले असतात. एक प्रत पाहुण्यांना, एक पुढाऱ्याला, एक पत्रकाराला. कुणीतरी फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर असतो. महिन्याभराने सोयरीक मोडते, शाळा सुटते, तेव्हा तीच माणसं विचारत येतात, ‘ते परत घेता येतं का?’ येत नाही.

कायद्याने आपल्या बाजूने दार बरंच लावलेलं आहे. याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. त्या खटल्याच्या निकालाविरुद्ध देशभर उठलेल्या संतापातून १९८३ मध्ये पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. गंमत नव्हे, खंत अशी की ते प्रकरण अजूनही त्या मुलीच्याच नावाने शिकवलं जातं.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, पण लैंगिक गुन्हे त्यातून वगळले. त्याच न्यायालयाच्या ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालाने सांगितलं की पीडिता हयात नसली तरी नाव छापायचं नाही, आणि ओळख पटेल असा आडवळणाचा तपशीलही द्यायचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हे आणखी सोपं करून सांगितलं: आईवडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, गाव, शाळा, आरोपीशी नातं, यातलं काहीही नको. परभणी जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. ‘अमुक वाडीतल्या ऊसतोड कामगाराची नववीतली मुलगी’ असं लिहिलं, की सेलू काय नि पालम काय, तालुक्याला नाव छापण्याची गरज उरत नाही.

म्हणून अशी वेळ आलेल्यांनी काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घ्या आणि फक्त वकिलाला द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेची मदतही तिथूनच मिळते. मोर्चासाठी फोटो मागितला तर नकार द्या. मुलगी अज्ञान असेल तर आईबापांनी ‘छापा’ म्हणून सही दिल्यानेही माध्यमांना मोकळीक मिळत नाही. पोक्सो कायद्यात ती परवानगी विशेष न्यायालयच देऊ शकतं. जामिनाच्या किंवा इतर आदेशात नाव दिसलं, तर सरकारी वकिलामार्फत ते लगेच न्यायालयाच्या नजरेस आणा. खुनाच्या खटल्यात नातलगांनी मृतदेहाची छायाचित्रं सीलबंद ठेवण्याची लेखी विनंती करावी. त्याने पुरावा कमजोर होत नाही, कारण न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील तो पाहणारच असतात.

बातमीदार आणि कार्यकर्त्यांनी गप्प बसावं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सुनावणी बंद दाराआड होते, पण तपासाची जबाबदारी बंद दाराआड जात नाही. गुन्हा कधी नोंदवला, वैद्यकीय तपासणी किती तासांनी झाली, आरोपीला अटक कधी झाली, दोषारोपपत्र कधी दाखल झालं, पुढची तारीख का पडली, यातल्या एकाही प्रश्नाला मुलीचं नाव लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे अशा गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत संपवायचा आहे, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडितेला किंवा फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नव्वदावा दिवस उलटूनही काही आलं नाही, तर पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहावा, त्यात फक्त ठाणं आणि गुन्हा क्रमांक द्यावा, आणि पोच घेऊनच कार्यालयातून निघावं.